पोलीस नगरपरिषदेला उत्तरदायी नाहीत, मग नगरसेवकांनी विचारायचे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘ब’ वर्ग नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका नगरसेविकेला अमेरिकेतल्या लहान शहरात राहणाऱ्या भाच्याने तिथल्या नगरसभेचे चित्रीकरण पाठवले. त्यात शहराचा पोलीस प्रमुख सभेपुढे उभा राहून महिन्याचा अहवाल वाचतो आणि सदस्य त्याला प्रश्न विचारतात. त्या विचारतात : आपल्याकडे ठराव करून पोलीस निरीक्षकांना सर्वसाधारण सभेत बोलावता येईल का? येत नसेल, तर शहरातल्या चोऱ्या, टवाळखोरी आणि वाहतुकीबद्दल कुणाला जाब विचारायचा?

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’. ठराव जरूर करता येईल, पण पोलिसांवर तो बंधनकारक नसेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठे आहे आणि माझ्या मते तेच जास्त कामाचे आहे. मी पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागलो आणि नोकरीचा बराच काळ तालुक्याच्या गावांतली ठाणी सांभाळली. नगराध्यक्षांच्या दालनातल्या बैठकांना पोलिसांच्या बाजूने बसलो आहे. काय विचारले की अधिकारी मोकळेपणाने बोलतो आणि काय विचारले की डायरी मिटून ‘तपास सुरू आहे’ एवढेच सांगतो, हे मला चांगले ठाऊक आहे.

आधी कायद्याचे पाहू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत ‘पोलीस’ आणि ‘स्थानिक शासन’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत. त्यांत रस्ते, अग्निशमन, दिवाबत्ती, वाहनतळ, बसथांबे, कोंडवाडे आहेत, पोलीस नाहीत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ४ प्रमाणे पोलीस दलावरची देखरेख राज्य शासनाची असते, आणि कलम १७ प्रमाणे जिल्ह्याचे पोलीस जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली असतात. तुमच्या ठाण्याचा निरीक्षक उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना, आपण ज्यांना डीवायएसपी म्हणतो त्यांना, उत्तर देतो. त्यांच्या वर अपर अधीक्षक आणि अधीक्षक. या साखळीत नगराध्यक्ष कुठेच नाहीत, मुख्याधिकारीही नाहीत. नगरपरिषदेने अधिकाराबाहेर जाऊन ठराव केला, तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी रोखू शकतात. म्हणून ‘निरीक्षकांनी दरमहा सभेस हजर राहावे’ असा ठराव करून सुरुवात करू नका. एकदा तो जिल्हाधिकारी कार्यालयात अडकला की पुढची दोन वर्षे त्याच मानापमानात जातात.

ही रचना अशी का झाली, हे थोडे माहीत असावे. इंग्लंडमध्ये १८३५ च्या नगरपालिका कायद्याने शहरांना पोलीस ठेवायला लावले आणि त्यावर नगरसभेची समिती नेमली. ती पद्धत १९६४ च्या पोलीस कायद्यापर्यंत टिकली. आपल्याकडे मात्र ते रूप आलेच नाही. चार्ल्स नेपियर यांनी १८४३ मध्ये सिंधमध्ये पोलीस उभे केले ते आयर्लंडच्या धर्तीवर : वरून चालणारे, सरकारला बांधलेले दल. १८५७ च्या उठावानंतर आलेल्या १८६१ च्या पोलीस कायद्यात तोच विचार आहे. नगरपालिकांवर एके काळी पोलिसांच्या खर्चाचा काही बोजा होता. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या धोरणाने तो काढून शिक्षण, दवाखाने अशा कामांकडे पैसा वळवायचे ठरले. खर्च गेला, त्याबरोबर बोलण्याचा हक्कही गेला.

अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथे हजारो शहरांची स्वतःची पोलीस दले आहेत आणि त्यांतली कित्येक दहापेक्षा कमी माणसांची आहेत. अंदाजपत्रक नगरसभा मंजूर करते, प्रमुखाची नेमणूक महापौर किंवा शहर व्यवस्थापक करतात. त्यामुळे त्याला सभेपुढे उभे राहावेच लागते. हे पाहून हेवा वाटणे साहजिक आहे. पण त्याच देशातले फर्ग्युसन हे मिझुरी राज्यातले गाव पाहा. २०१४ च्या सुमारास वस्ती साधारण २१ हजार, म्हणजे आपल्याकडे ‘ब’ वर्गातही बसणार नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथे पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राउन हा तरुण मेला आणि गाव पेटले. पुढे मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने चौकशी अहवाल दिला. त्यात निघाले ते असे की शहराचे कारभारी दंडाच्या वसुलीकडे उत्पन्न म्हणून पाहत होते, वसुली वाढवा म्हणून पोलीस प्रमुखावर दबाव टाकत होते, आणि त्याचा भार मुख्यतः काळ्या रहिवाशांवर पडत होता. तो प्रमुखही नगरसभेला उत्तर देतच होता. सभेने विचारले काय, तर पावत्या किती फाडल्या. म्हणून मी म्हणतो, पोलीस कुणाला अहवाल देतात याइतकेच अहवालात काय मागितले जाते हे महत्त्वाचे आहे. आणि ते ठरवणे तुमच्या हातात आहे, कायदा न बदलता.

आता मूळ कामाकडे येऊ. सभा नको, बैठक घ्या. नगराध्यक्षांच्या दालनात महिन्यातून एकदा समन्वय बैठक ठेवा. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, विद्युत व बांधकाम विभागाचे अभियंते, अतिक्रमण पथकाचा प्रमुख, दोन-तीन नगरसेवक; पोलिसांकडून निरीक्षक आणि वाहतूक शाखेचा अंमलदार. सर्वसाधारण सभेत पत्रकार असतात, विरोधी बाकावरचे असतात, निरीक्षकाला प्रत्येक वाक्य तोलून बोलावे लागते आणि तो काहीच सांगत नाही. दालनात तो सांगतो. बैठकीचे इतिवृत्त मात्र लिहून दोन्ही कार्यालयांत ठेवाच. त्याचे कारण व्यवहाराचे आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात निरीक्षकाचा एका ठाण्यातला सर्वसाधारण कार्यकाळ दोन वर्षांचा धरला आहे आणि प्रत्यक्षात बदली त्याआधीही होते. तोंडी ठरलेले सगळे त्याच्या सामानाबरोबर जाते. इतिवृत्त असले की नव्या माणसाला कुठून पुढे जायचे ते कळते.

बैठकीत पहिला कागद समोर येतो तो गुन्ह्यांच्या तक्त्याचा. तो कसा वाचायचा, हे नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त गफलत इथे होते.

पहिली गोष्ट हद्दीची. तालुक्याच्या ठाण्याची हद्द आणि नगरपरिषदेची हद्द एक नसते. ठाण्याकडे शहराबरोबर आजूबाजूची पन्नास-साठ गावे असू शकतात. तक्त्यात ‘खून २’ दिसले आणि सभागृहात ‘शहरात रक्तपात’ म्हणून ओरड झाली, असे होते; आणि दोन्ही घटना शेताच्या बांधाच्या वादातून लांबच्या गावी झालेल्या असतात. म्हणून पूर्ण ठाण्याचा तक्ता न मागता शहरातले बीटनिहाय आकडे मागा; बीट म्हणजे ठाण्याच्या हद्दीचा एकेका अंमलदाराकडे दिलेला लहान भाग. बीट अंमलदाराकडे ते असतात. बीटच्या सीमा आणि तुमच्या प्रभागांच्या सीमा जुळत नाहीत, तेव्हा एकदा बसून नकाशावर दोन्ही रेघा मारून घ्या.

दुसरी गोष्ट भागांची. आपल्याकडे पोलीस ‘भाग १ ते ५’ आणि ‘भाग ६’ असे बोलतात. भाग १ ते ५ म्हणजे ढोबळमानाने पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतले गुन्हे : घरफोडी, मारहाण, फसवणूक वगैरे. तिथे बहुतेक वेळा फिर्यादी चालत ठाण्यात येतो. भाग ६ मध्ये दारू, जुगार यांसारख्या विशेष कायद्यांखालच्या केसेस. त्या पोलीस स्वतः जाऊन करतात. भाग ६ चा आकडा वाढला म्हणजे जुगार वाढला असे नव्हे, छापे वाढले. तो घटला म्हणजे गाव सुधारले असेही नव्हे. दोन्ही भागांची बेरीज करून ‘गुन्हेगारी इतके टक्के वाढली’ असे जो म्हणतो, त्याच्या हाती काहीच लागत नाही.

तिसरी गोष्ट लहान आकड्यांची. गेल्या मे महिन्यात चार घरफोड्या आणि यंदा सहा, की बातमी होते ‘घरफोड्यांत पन्नास टक्के वाढ’. दोन घटनांच्या फरकाला टक्केवारी लावू नये. त्याच महिन्याचे मागच्या पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवा. मे महिन्यात कुटुंबे गावी जातात, घरे बंद असतात, घरफोड्या चढतातच. लग्नसराईत दागिने, बाजाराच्या दिवशी मोबाइल. याला हंगाम असतो आणि तो जाणणारा हवालदार प्रत्येक ठाण्यात असतो.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दाखल गुन्ह्यांचा आकडा वाढला म्हणून निरीक्षकाला झोडपू नका. मी हे पोलिसांची बाजू घेऊन सांगत नाही, फिर्याद घेऊन येणाऱ्या माणसाची बाजू घेऊन सांगतो. आकडा कमी दाखवण्याचा सर्वात सोपा उपाय ठाणे अंमलदाराच्या टेबलावर असतो. मोटारसायकल चोरीला गेलेला माणूस आला की ‘आधी दोन दिवस शोधा, मित्राने नेली असेल’. मोबाइल हिसकावून नेला की चोरीऐवजी ‘गहाळ’ अशी नोंद. मारहाणीत हाड मोडले असले तरी वैद्यकीय दाखला येईपर्यंत अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी नोंद. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद केलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये बजावले आहे. आता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीबाहेरच्या घटनेचीही नोंद घ्यायची तरतूद आहे. तरीही बाहेरून दबाव आला की टेबलावरची सवय परत येते. जी नगरपरिषद आकडा वाढल्यावर शिव्या घालते, तिला वर्षभरात घटलेला आकडा मिळतो, आणि शहरातल्या बाईला परत पाठवलेली फिर्याद. ‘गहाळ’ मोबाइलची संख्या आणि चोरीची संख्या दोन्ही शेजारी मागा. पहिली फुगते आहे आणि दुसरी आटते आहे असे दिसले, तर शांतपणे कारण विचारा. या एका प्रश्नाने जे साधते ते दहा निषेधांनी साधत नाही.

गुन्ह्यांच्या तक्त्यापेक्षा मला ११२ या आपत्कालीन मदत क्रमांकावर आलेल्या कॉलची यादी जास्त उपयोगी वाटते. मदतीसाठी आलेला प्रत्येक कॉल यंत्रणेत वेळ आणि ठिकाणासह नोंदला जातो, तो ठाण्याच्या पातळीवर लपवता येत नाही. कुठल्या भागातून, कोणत्या वेळी, कशासाठी कॉल येतात एवढेच मागा; नावे नकोत. दारू पिऊन भांडण, मुलींच्या वसतिगृहासमोर घिरट्या, अपघात, रात्री मोठ्याने डीजे. यांतले कितीतरी गुन्हा म्हणून नोंदले जात नाहीत, पण लोकांना रोजचा त्रास याचाच असतो. शहराचा नकाशा आणि तीन महिन्यांचे कॉल एकत्र पाहिले की पाच-सहा ठिकाणे वर येतात. नगरपरिषदेला काम करायचे असते ते ठिकाणांवर. आरोपी हा पोलिसांचा विषय, ठिकाण हे तुमच्या दोघांचे.

एक प्रसंग सांगतो. माझ्या एका ठाण्याच्या शहरात बसस्थानकापासून आठवडी बाजाराच्या मैदानापर्यंतच्या रस्त्यावर मोबाइल हिसकावण्याच्या तक्रारी येत होत्या. नगरसेवक गस्त वाढवा म्हणत होते. आमच्याकडे रात्रगस्तीला दोन मोटारसायकली आणि एक जीप, त्यात शहरही आणि गावेही. मी बीट मार्शलना सांगितले की गस्तीच्या वहीत बंद दिव्यांच्या खांबांचे क्रमांक लिहून आणा. आठवड्याची यादी घेऊन बैठकीला गेलो. विद्युत अभियंत्यांकडे त्यांची स्वतःची यादी होती, नगरसेवकांनी दिलेल्या तक्रारींवरून केलेली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर एकही क्रमांक जुळेना. नगरसेवकांच्या यादीतले खांब वस्तीतले, घरांसमोरचे. आमच्या यादीतले खांब जुन्या जकात नाक्याची भिंत, बंद पडलेले गोदाम आणि नाल्याच्या पुलाजवळचे, जिथे कुणाचे घर नाही आणि म्हणून कुणाची तक्रारही नाही. मोबाइल तिथेच जात होते. अभियंत्यांनी त्या टप्प्याला आधी हात घातला, पुलाजवळची झुडपे आरोग्य विभागाने तोडली, आणि आम्ही बाजाराच्या संध्याकाळी दोन माणसे पुलावर उभी केली. तक्रारी उतरल्या. संपल्या नाहीत, पण उतरल्या. तेव्हापासून गस्तीच्या वहीतली खांबांची यादी हा माझ्या प्रत्येक ठाण्यात बैठकीचा पहिला विषय असे.

यातून एक गोष्ट दिसते : पोलिसांना नगरपरिषदेकडून हवे असलेले खूप काही असते आणि ते मागायला त्यांना जागाच नसते. तुम्ही अहवाल मागता, तसा तुमचाही द्या. मागच्या बैठकीत पोलिसांनी सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी किती झाल्या, हा कागद नगरपरिषदेने आधी वाचावा. हे केले की निरीक्षकाचा सूर बदलतो, मी खात्रीने सांगतो.

यादी लांब असते. मोकाट जनावरांसाठी पोलिसांकडे बोट दाखवले जाते, पण कोंडवाडा नगरपरिषदेचा आणि तो कित्येक ठिकाणी नुसता कागदावर आहे. पकडलेली जनावरे ठेवायची कुठे, हे ठरल्याशिवाय पोलीस हात लावणार नाहीत. अतिक्रमण काढायला बंदोबस्त लागतो आणि मुख्याधिकाऱ्यांचे पत्र आदल्या संध्याकाळी ठाण्यात येते. ठाण्यात मंजूर पदे आणि हजर माणसे यांत नेहमीच तफावत असते. हजरपैकी काही न्यायालयात, काही समन्स-वॉरंट बजावायला, काही मुख्यालयाच्या बंदोबस्ताला. जादा मनुष्यबळ अधीक्षक कार्यालयातून येते आणि त्याला दिवस लागतात. तिमाहीचे अतिक्रमण वेळापत्रक आधी द्या. सण, परीक्षा, दौरे पाहून तारखा एकत्र ठरवा. बंदोबस्त नाकारला गेला तर लेखी कारण मागा, तो तुमचा रास्त हक्क आहे.

पार्किंगबाबत तर कायद्यातच तुम्हाला जागा ठेवलेली आहे आणि फार कमी नगरसेवकांना ती माहीत असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ११७ सांगते की वाहने उभी करण्याच्या जागा स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून ठरवायच्या. म्हणजे सम-विषम तारखेचे पार्किंग असो की मुख्य रस्त्यावर चारचाकी उभ्या करायला बंदी, नगरपरिषदेचे मत घ्यायचे असते. व्यापाऱ्यांच्या हरकती ऐका, अभिप्राय लेखी द्या, आणि अधिसूचना निघाली की फलक आणि पट्टे वेळेवर लावा. फलक नसलेल्या रस्त्यावर पोलिसाने दंड केला की वाद होतो, दोन-चार वाद झाले की तो अंमलदार तिथे उभाच राहत नाही, आणि मग पुन्हा सभागृहात ‘वाहतूक पोलीस दिसत नाहीत’.

अपघातांचेही असेच. पोलीस प्रत्येक अपघाताचे ठिकाण केंद्राच्या संगणक प्रणालीत भरतात. पण अपघातप्रवण ठिकाण, म्हणजे ब्लॅक स्पॉट, ठरवण्याचा केंद्राचा निकष साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमेचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू असा आहे. तो महामार्गांना धरून आहे. तुमच्या शाळेसमोरच्या चौकात दर महिन्याला पोरे सायकलवरून पडत असतील, हात मोडत असतील, तरी तो चौक त्या यादीत कधी येणार नाही. म्हणून किरकोळ धरून सगळ्या अपघातांची ठिकाणे पोलिसांकडून मागा आणि गतिरोधक, दुभाजक, झाडांच्या फांद्या यांचा निर्णय त्यावरून घ्या. कुणाच्या दारासमोर गतिरोधक हवा, हे नगरसेवकाच्या आग्रहावर ठरू नये.

सीसीटीव्हीबद्दल थोडे कडक बोलतो. जिल्हा नियोजनच्या निधीतून कॅमेरे लागतात, उद्घाटन होते, फोटो निघतात. देखभालीचा करार संपला की एकेक डोळा मिटतो. वीजबिल कुणाचे, केबल तुटली तर जोडायची कुणी, चित्रण किती दिवस साठते, हे कुठेच लिहिलेले नसते. खून झाल्यावर कळते की चौकातला कॅमेरा चार महिन्यांपासून बंद आहे. नवे कॅमेरे मागण्याआधी दर बैठकीत एकच प्रश्न विचारा : आज किती चालू आहेत? आणि देखभालीची तरतूद नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली करा. पोलीस ठाण्याच्या हातात असला खर्च करायला पैसा नसतो.

आता काय विचारू नये. चालू तपासातले संशयित, पुरावे, कुणाला कधी उचलणार, हे विचारू नका. नगरपरिषदेत बसलेल्यांपैकी कुणाचे नातेवाईक, भागीदार, विरोधक त्याच प्रकरणात असू शकतात. लहान गावात ते असतातच. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, बालकांच्या बाबतीत पोक्सो आणि बाल न्याय कायद्याचे बंधन आहे. ‘अमक्या गल्लीतली, तमक्याची मुलगी’ एवढे इतिवृत्तात आले तरी ओळख उघड होते. हे इतिवृत्त लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. अमुक माणसाला सोडा, तमुकाला आत घ्या, असा फोन बैठकीच्या आडोशाने करू नका. एकदा केलात की पुढच्या बैठकीत निरीक्षक तुमच्या प्रत्येक प्रश्नामागे तो फोन शोधेल.

पोलिसांविरुद्धच तक्रार असेल, ठाण्यात मारहाण झाली, पैसे मागितले, फिर्याद घेतली नाही, तर ती समन्वय बैठकीत नेऊ नका. तिथे तो निरीक्षकच बसलेला असतो. फिर्याद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे अधीक्षकांना लेखी कळवता येते आणि तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. गैरवर्तनासाठी पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये अशी प्राधिकरणे नेमायला सांगितली आणि महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने राज्य व विभाग पातळीवर त्यांची तरतूद केली. नगरसेविका म्हणून तुम्ही तक्रारदाराला अर्ज लिहायला मदत करा, तारीख आणि वेळ नीट टिपून घ्यायला सांगा. लोकांना याचीच गरज असते.

ज्या गोष्टी बैठकीत मिळत नाहीत त्यांतल्या काही आधीच उघड आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी अहवाल संकेतस्थळावर टाकावे लागतात; महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ठाणेनिहाय ते पाहता येतात. महिन्यातून एकदा तासभर बसून आपल्या शहरातले वाचा. मंजूर व रिक्त पदांची माहिती माहिती अधिकारात मिळते. तपासाला बाधा आणणारी माहिती मात्र कलम ८ खाली नाकारता येते आणि ते योग्यच आहे.

बैठकीत बसणारी माणसे निवडताना एक काळजी घ्या. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये मोठ्या दंगली झाल्या होत्या. १९८८ नंतर तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत नेहमीचे पुढारी कमी आणि यंत्रमाग कामगार, दुकानदार, रिक्षावाले अशी माणसे जास्त, दोन्ही समाजांतली, दर आठवड्या-पंधरवड्याला भेटणारी. आपल्या बहुतेक शांतता समित्या सणाच्या आदल्या आठवड्यात चहापुरत्या भरतात आणि त्यात तीच तीच नावे असतात. तुमच्या बैठकीला दर तिमाहीत एकदा भाजीवाल्या बाया, रिक्षा थांब्यावरचा कुणी, वसतिगृहाच्या अधीक्षिका, असे तीन-चार लोक बोलवा. ११२ चा नकाशा आणि त्यांचे बोलणे जुळते का पाहा.

सुरुवात कशी करायची, तेवढे सांगून थांबतो. नगराध्यक्षांच्या सहीचे पत्र जिल्हा पोलीस अधीक्षकांना द्या, प्रत उपविभागीय पोलीस अधिकारी आणि निरीक्षकांना. निरीक्षकाला थेट पत्र दिले तर तो वरिष्ठांना विचारल्याशिवाय येणार नाही आणि त्यात त्याची चूक नाही. पत्रात ‘अहवाल’ आणि ‘हजर राहावे’ हे शब्द टाळून ‘मासिक समन्वय बैठक’ लिहा. पहिल्या बैठकीचे विषय चारच ठेवा : बंद दिवे, पार्किंगची अधिसूचना, चालू-बंद कॅमेरे, अतिक्रमण बंदोबस्ताच्या तारखा. चारही विषयांत पहिले काम नगरपरिषदेचे आहे, हे मुद्दाम. अधीक्षकांची मासिक क्राइम मीटिंग ज्या आठवड्यात असते तो सोडून तारीख सुचवा, कारण त्या दिवसांत निरीक्षक कागदांत बुडालेला असतो. पत्रावर आवक क्रमांक घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर आधी डीवायएसपींना जाऊन भेटा. बहुतेक वेळा तिथेच तारीख ठरते.